इंद्रधनुष्य लिहिणारा कामगाराचा मुलगा
गीतकार यिप हारबर्ग यांची जीवनकहाणी

गाणे ओठावर राहते. गाणाऱ्याचे नावही ध्यानात राहते. पण ते शब्द कुणी लिहिले असे विचारले, तर दहातले नऊ जण एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात. आपल्या वस्तीत हे जितके खरे आहे, तितकेच ते सातासमुद्रापलीकडच्या अमेरिकेतही खरे आहे. २००१ साली तिथल्या रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने आणि सरकारी कला संस्थेने मिळून विसाव्या शतकातल्या गाण्यांची एक यादी केली. त्यात पहिला क्रमांक आला 'ओव्हर द रेनबो' या गाण्याचा. गाणारी ज्युडी गार्लंड जगाला ठाऊक आहे. लिहिणारा मात्र फार थोड्यांना ठाऊक आहे.

त्या लिहिणाऱ्याचे नाव ई. वाय. हारबर्ग. सगळे त्यांना 'यिप' म्हणत. कपड्याच्या कारखान्यात राबणाऱ्या आईबापांचा हा मुलगा. त्याने भुकेल्या माणसाचे गाणे लिहिले, गुलामाचे लिहिले, काळ्या-गोऱ्या भेदावर नाटक लिहिले. आणि त्यापायी चित्रपटसृष्टीचे दार बारा वर्षे त्याच्यासाठी बंद राहिले. वाचक बंधु-भगिनींनो, अशा माणसाची ओळख आपल्या घरातल्या मुलांनाही असावी, म्हणून हा लेखनप्रपंच.

दिवे लावणारा पोरगा

यिपचा जन्म ८ एप्रिल १८९६ चा, न्यूयॉर्क शहराच्या लोअर ईस्ट साइड भागातला. मूळ आडनाव हॉकबर्ग. आईवडील रशियातून आलेले गरीब ज्यू. घरात बोली यिडिश, इंग्रजी बाहेर शिकायची. ज्या शिलाईच्या कारखान्यात आईबाप राबत, तिथेच लहानगा यिप कपडे बांधायला हात लावी. भाड्याची अंधारी खोली आणि कामाचा तास संपत नाही, पण पगार मात्र संपतो अशी गत. गिरणगावातल्या चाळीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको.

थोडा मोठा झाल्यावर यिपने रस्त्यावरचे दिवे लावण्याची नोकरी धरली. संध्याकाळी दिवे लावत फिरायचे, पहाटे उठून विझवत फिरायचे आणि मग शाळा.

वडील धार्मिक घरातले खरे, पण नाटकाचे भारी वेडे. घरी प्रार्थनास्थळाचे नाव सांगून ते मुलाला यिडिश नाटकाला घेऊन जात. तिथे एकाच प्रसंगात माणसे रडत आणि हसत. रडता रडता हसवायचे आणि हसता हसता विचार करायला लावायचे, ही विद्या यिपने तिथून उचलली. थोरला भाऊ मॅक्स अतिशय हुशार, विज्ञानातला अभ्यासक. तो ऐन अठ्ठाविसाव्या वर्षी कर्करोगाने गेला. त्या घावाने यिपचा देवधर्मावरचा विश्वास उडाला. पुढे आयुष्यभर त्यांनी माणसालाच मानले आणि नाट्यगृहालाच आपले मंदिर केले.

शेजारच्या बाकावरचा मित्र

टाउनसेंड हॅरिस ही हुशार मुलांची सरकारी शाळा. तिथे मुलांना आडनावाच्या अक्षरांनुसार बसवीत. 'जी' आणि 'एच' शेजारी आले म्हणून यिपच्या शेजारी आला आयरा गर्श्विन. हाच आयरा पुढे मोठा गीतकार झाला. दोघांनाही इंग्रज कवी डब्ल्यू. एस. गिल्बर्ट यांच्या विनोदी कविता पाठ. यिपला वाटे, ह्या नुसत्या वाचायच्या कविता. आयराने त्याला आपल्या घरी नेले आणि ग्रामोफोनवर तबकडी लावली. त्या कवितांना चाली आहेत, त्या रंगभूमीवर गायल्या जातात, हे यिपला त्या दिवशी कळले. शब्दाला सूर मिळाला की त्याचे बळ किती वाढते, याचा तो पहिला धडा.

पुढे यिप सिटी कॉलेजात गेला. या कॉलेजात शिक्षण फुकट होते, म्हणूनच कामगाराचे पोर तिथे पोचू शकले. १९१३ ते १९१६ या काळात बाबासाहेब न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकत होते, हे आपल्याला माहीतच आहे. साधारण त्याच सुमारास, त्याच शहरात, हा गरीब मुलगाही शिक्षणाची शिडी चढत होता. शिकत असतानाच त्याच्या कविता वर्तमानपत्रांतल्या सदरांत छापून येऊ लागल्या. पण कवितेवर चूल पेटत नाही. पदवी झाल्यावर त्याने दक्षिण अमेरिकेत उरुग्वे देशात तीन वर्षे नोकरी केली, परत येऊन लग्न केले आणि विजेच्या उपकरणांचा धंदा काढला.

धंदा बुडाला, गीतकार जन्मला

१९२९ साली अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला आणि त्यात हारबर्ग यांची कंपनीही बुडाली. डोक्यावर मोठे कर्ज चढले. वय तेहेतीस, पदरी बायको-मुले आणि खिशात काही नाही. आयरा धावून आला. त्याने उसने पैसे दिले, गाणी लिहिण्याचा सल्ला दिला आणि जे गॉर्नी या संगीतकाराशी ओळख करून दिली. स्वप्नातला धंदा हातचा गेला आणि हातात फक्त पेन्सिल राहिली, अशी ही गोष्ट. कर्ज मात्र हारबर्ग यांनी बुडवले नाही. पुढे कित्येक वर्षे गाण्यांच्या कमाईतून ते फेडीत राहिले.

तो काळ महामंदीचा. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांतला एक बेकार झाला होता. बेकारांचा आकडा सव्वा कोटीच्या पुढे गेला होता. कालपर्यंत पूल बांधणारे, रूळ टाकणारे, पहिल्या महायुद्धात लढून आलेले लोक पावाच्या तुकड्यासाठी रांगेत उभे होते. रस्त्यात कुणीतरी जवळ येई आणि हलक्या आवाजात दहा सेंटचे नाणे मागे. त्या नाण्याला अमेरिकेत 'डाईम' म्हणतात.

१९३२ साली 'अमेरिकाना' नावाच्या गाण्या-नकलांच्या कार्यक्रमासाठी हारबर्ग यांनी याच प्रसंगावर गाणे लिहिले : 'ब्रदर, कॅन यू स्पेअर अ डाईम?' गॉर्नी यांची चाल होती लहानपणी रशियात ऐकलेल्या अंगाईवरची. मूल निजवणारी चाल झोपलेल्या देशाला उठवायला कामी आली.

या गाण्यातली खरी गोम लक्षात घ्या. भिकाऱ्यावर गाणे लिहायचे म्हटले की सामान्य कवी दया मागतो. हारबर्ग यांनी दया मागितली नाही. त्यांचा माणूस हात पसरतो, पण मान खाली घालत नाही. तो बुचकळ्यात पडला आहे. हा देश मी उभारला, त्यासाठी मी लढलो. मग जे मी निर्माण केले त्यात माझा वाटा कुठे गेला, असे तो विचारतो. म्हणजे भीक मागणारे हे गाणे मुळात हिशेब मागणारे गाणे आहे.

तो कार्यक्रम फार दिवस चालला नाही. गाणे मात्र बिंग क्रॉस्बी आणि रूडी व्हॅली या दोन लोकप्रिय गायकांच्या तबकड्यांवरून घराघरांत पोचले. ते वर्ष अध्यक्षीय निवडणुकीचे. सत्ताधारी पक्षाच्या लोकांना या गाण्याची धास्ती वाटली आणि ते रेडिओवर लागू नये असे प्रयत्न झाले. पण लोकांच्या तोंडी बसलेले गाणे कुणाच्या बापाला थांबवता येते?

करड्या माळरानावरचा रंग

१९३० नंतर हारबर्ग यांची लेखणी थांबली नाही. व्हर्नन ड्यूक यांच्याबरोबर 'एप्रिल इन पॅरिस', हॅरल्ड आर्लन यांच्याबरोबर 'इट्स ओन्ली अ पेपर मून'. आर्लन आणि हारबर्ग ही जोडी जमली ती जमलीच. १९३७ साली युद्धाची टिंगल करणारे 'हुरे फॉर व्हॉट!' हे नाटक त्यांनी केले आणि लगेच एम.जी.एम. या मोठ्या चित्रसंस्थेचे बोलावणे आले. चित्रपट होता 'द विझर्ड ऑफ ऑझ'.

गोष्ट लहान मुलांची. कॅन्सस प्रांतातल्या माळरानावर राहणारी डोरोथी ही मुलगी वादळाने उडून एका जादूच्या देशात जाते. मूळ पुस्तकात कॅन्ससचे वर्णन आहे : जमीन करडी, घर करडे, माणसेही करडी. इंद्रधनुष्याचा मात्र पुस्तकात पत्ता नाही. हारबर्ग यांनी विचार केला, अशा रखरखीत जागी राहणाऱ्या पोरीने आयुष्यात रंग कधी पाहिला असेल? आकाशात इंद्रधनुष्य पडते तेव्हाच. म्हणजे तिचे स्वप्न त्याच्याच पलीकडे असणार. या एका कल्पनेने सगळ्या चित्रपटाला रूप आले.

पण गाणे सहजासहजी झाले नाही. आर्लन यांना चाल सुचली ती रस्त्यात, मोटारीत बसल्या बसल्या. हारबर्ग यांना ती ऐकून वाटले, ही फार भारदस्त आहे, लहान मुलीच्या तोंडी शोभायची नाही. शेवटी शाळेतला तोच मित्र आयरा गर्श्विन मदतीला आला. त्याने सुचवले की चाल जरा साधी करून, थोड्या जलद लयीत वाजवून पाहा. तशी वाजवल्यावर हारबर्ग यांना पटले. तरी कसोटी संपली नव्हती. आर्लन यांची चाल पहिल्याच दोन स्वरांत खालून एकदम वर उडी मारते. तिथे असा शब्द हवा, जो म्हणताना तोंड आखडणार नाही आणि आवाज मोकळा वर जाईल. असा शब्द मिळेपर्यंत हारबर्ग झटत राहिले. चाल आधी आणि शब्द मागून, अशीच या जोडीची पद्धत होती. शाहिराच्या भाषेत सांगायचे तर अंगरखा आधी शिवलेला, त्यात माणूस नंतर बसवायचा आणि तरी तो कुठे काचता कामा नये.

चित्रपट तयार झाल्यावर चाचणी खेळ झाला आणि कंपनीच्या काही लोकांनी हे गाणेच कापायला काढले. लांबण लागते म्हणाले. सहनिर्माते आर्थर फ्रीड अडून बसले, म्हणून गाणे राहिले. त्याच गाण्याला १९३९ सालच्या चित्रपटांतले उत्कृष्ट गीत म्हणून ऑस्कर पारितोषिक मिळाले. आणखी एक गोष्ट. गाणे कुठे यावे, त्याच्या आधीचे संवाद कसे असावेत, यातही हारबर्ग यांचा मोठा हात होता. पडद्यावर मात्र त्यांचे नाव फक्त गीतकार म्हणून लागले.

रंगभूमीवर समतेचा झेंडा

संगीत नाटक आपल्याला नवे नाही. जलशात आणि तमाशात आधी हसवणूक आणि पदे होतात, मग वगात मुद्याचे सांगतात. अमेरिकेतल्या संगीत नाटकांत पूर्वी गाणी बहुधा नुसती करमणुकीची असत. हारबर्ग म्हणत, गाण्यातून कथा पुढे गेली पाहिजे आणि कथेतून विचार.

१९४४ साली त्यांनी आर्लन यांच्याबरोबर 'ब्लूमर गर्ल' केले. काळ १८६१ चा, विषय दोन : स्त्रियांचे हक्क आणि गुलामगिरी. त्यातले एक गाणे पळून आलेल्या गुलामाच्या तोंडी आहे. पक्षी, नदी, झाड साऱ्यांना मोकळे राहावेसे वाटते, मग माणसालाच का नाही, असा त्याचा आशय. दुसरे महायुद्ध चालू असताना रंगभूमीवर आलेल्या या नाटकाचे साडेसहाशेहून अधिक प्रयोग झाले.

मग आले १० जानेवारी १९४७ रोजी रंगभूमीवर उतरलेले 'फिनियन्स रेनबो'. संगीत बर्टन लेन यांचे, संहिता हारबर्ग आणि फ्रेड सेडी यांची. त्या वेळी अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत काळ्या लोकांना शाळा वेगळी, बसमध्ये जागा वेगळी, पाण्याचा नळही वेगळा. हा भेद आपल्या लोकांना पुस्तकात वाचून समजून घ्यावा लागत नाही. शाळांतला भेद बेकायदा ठरवणारा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचा निकाल १९५४ चा, म्हणजे नाटक त्याच्या सात वर्षे आधीचे.

नाटकातले राज्य काल्पनिक आहे : मिसिटकी. मिसिसिपी आणि केंटकी या नावांची ही कडी. तिथे वाट्याने जमीन कसणारे काळे-गोरे शेतकरी एकत्र राहतात. फिनियन नावाचा एक आयरिश म्हातारा आपल्या मुलीला घेऊन तिथे येतो. त्याने परीकथेतल्या बुटक्याचा सोन्याचा हंडा पळवून आणला आहे. अमेरिका आपले सोने जमिनीत पुरते म्हणूनच श्रीमंत होते, अशी त्याची समजूत. म्हणून तोही हंडा पुरतो. शेतकऱ्यांची जमीन बळकावू पाहणारा रॉकिन्स नावाचा एक सिनेटर आहे, वर्णद्वेषाने अंध झालेला. हंड्याजवळ उभे राहून जी इच्छा बोलावी ती खरी होते. फिनियनची मुलगी संतापून म्हणते की या माणसाला काळे होऊन बघू दे. आणि सिनेटर काळा होतो! मग त्याने स्वतः केलेले कायदे त्याच्याच अंगावर येतात. हंडा त्याचे कातडे बदलतो, पण मन तसेच राहते. म्हणून पुढे बुटका आपल्या मंत्राने त्याचे अंतरंग बदलतो. शेवटी तो पुन्हा गोरा होतो, पण पहिला माणूस उरत नाही.

यातला एक प्रसंग विसरता येणार नाही असा आहे. कॉलेजात शिकणारा एक काळा तरुण फीसाठी सिनेटरच्या घरी नोकरी धरतो. त्याला शिकवतात, तू असा ताठ चालू नकोस, नोकरासारखा पाय ओढत, हळूहळू, लाचारीने ये. पुढे सिनेटरचा जीव कासावीस होतो, तो पेल्यासाठी टाहो फोडतो. आणि हा तरुण शिकवल्याबरहुकूम अगदी पाय ओढत, हळू... हळू... येत राहतो. प्रेक्षागृह हसून लोटपोट होई. हसता हसता ज्याला टोचायचे त्याला टोचतही असे.

दुसरी गंमत कर्जाची. त्या जमिनीत सोने आहे अशी बातमी पसरताच जे दुकानदार कालपर्यंत उभे करीत नव्हते, तेच उधारीवर वाटेल ते माल पाठवू लागतात. सोने कुणी पाहिलेले नाही. गरिबाची पत त्याच्या घामावर ठरत नाही, अफवेवर ठरते, हे यापेक्षा सोपे करून कुणी सांगावे?

या नाटकात काळे आणि गोरे नट-नर्तक एकमेकांचे हात धरून एकत्र नाचले. त्या काळच्या ब्रॉडवेवर ही मोठी गोष्ट होती. जॅकी रॉबिन्सन या काळ्या खेळाडूला मोठ्या बेसबॉल संघात पहिल्यांदा खेळता आले तेही त्याच वर्षी. नाटकाचे ७२५ प्रयोग झाले. पुढच्या काळात गोऱ्या नटाने तोंडाला काळा रंग फासून काळा माणूस दाखवण्यावर आक्षेप घेतले गेले आणि ते योग्यच होते. २००९ साली ब्रॉडवेवर नाटक पुन्हा आले तेव्हा सिनेटरचे काम दोन नटांनी केले, एक गोरा आणि एक काळा.

काळ्या यादीची बारा वर्षे

दुसरे महायुद्ध संपले आणि अमेरिकेत कम्युनिस्टांच्या नावाने शोधाशोध सुरू झाली. जो समता म्हणेल, कामगारांची बाजू घेईल, त्याच्यावर संशय. १९५० साली 'रेड चॅनल्स' नावाची पुस्तिका निघाली. तीत रेडिओ, नाटक, संगीत क्षेत्रांतल्या १५१ जणांची नावे होती. त्यांत हारबर्ग यांचेही नाव. ते कम्युनिस्ट पक्षाचे सभासद नव्हते. त्यांचा गुन्हा एवढाच की ते उघडपणे डाव्या विचारांचे होते आणि आपले मत गिळून बसणारे नव्हते.

संशयाची पातळी कुठवर गेली पाहा. 'केबिन इन द स्काय' या १९४३ च्या चित्रपटात, सगळे नट काळे असलेल्या त्या चित्रपटात, एक बाई आपल्या जो नावाच्या नवऱ्याचे प्रेमगीत गाते. हा जो म्हणजे रशियाचा जोसेफ स्टॅलिन असावा, अशी शंका काढली गेली! आपण देशद्रोही नाही हे पटवण्यासाठी गीतकाराला खुलाशाचे पत्र लिहावे लागले. तरी उपयोग झाला नाही. १९६२ पर्यंत हॉलिवूडने त्यांना काम दिले नाही. १९५४ च्या सुमारास 'फिनियन्स रेनबो' चा चित्रांचा बोलपट निघू घातला होता, तोही याच वादळात बुडाला.

अशा वेळी पुष्कळांनी आपल्या मित्रांची नावे सांगून सुटका करून घेतली. हारबर्ग त्या वाटेला गेले नाहीत. चित्रपटाचे दार बंद झाले, तर नाटकाचे उघडे होते. तिथे ते लिहीत राहिले. १९५१ साली त्यांनी 'फ्लाहुली' नाटकातून या शोधाशोधीचीच टर उडवली. ते चाळीस प्रयोगांत बंद पडले. ते खचले नाहीत. १९५७ साली आर्लन यांच्याबरोबर 'जमेका' आणले. नायिका होती लीना हॉर्न, काळ्या समाजातली नामवंत गायिका. त्याचे साडेपाचशेहून अधिक प्रयोग झाले.

१९६२ साली बंदी उठली. तेव्हा त्यांनी आर्लन यांच्याबरोबर 'गे परी' या चित्रबोलपटाची गाणी लिहिली आणि आवाज दिला ज्युडी गार्लंडनेच. तेवीस वर्षांनी तिघे पुन्हा एकत्र आले. १९६८ साली 'फिनियन्स रेनबो' अखेर पडद्यावर आला, एकवीस वर्षांनी. दिग्दर्शक होते तेव्हा तरुण असलेले फ्रान्सिस फोर्ड कोपोला.

मागे काय राहिले?

म्हातारपणीही हारबर्ग गप्प बसले नाहीत. युद्ध, पैसा, ढोंगी धर्मगुरू यांच्यावर चिमटे काढणाऱ्या छोट्या छोट्या कवितांची त्यांची पुस्तके निघाली. सभांतून ते आपल्या गाण्यांच्या जन्मकथा सांगत आणि थरथरत्या आवाजात स्वतः गाऊनही दाखवीत. ५ मार्च १९८१ रोजी लॉस एंजेलिसमध्ये मोटार चालवत असताना हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. पंच्याऐंशी पुरी व्हायला एक महिना उरला होता. १९९३ साली त्यांचा मुलगा अर्नी याने हॅरल्ड मेयरसन यांच्याबरोबर वडिलांवर पुस्तक लिहिले. त्याच्या नावातच प्रश्न आहे : त्या चित्रपटात इंद्रधनुष्य आणले कुणी? २००५ साली अमेरिकेच्या टपाल खात्याने हारबर्ग यांचे तिकीट काढले. एकेकाळी ज्याचे नाव काळ्या यादीत छापले, त्याचा चेहरा मग पत्रापत्रावर फिरला.

हारबर्ग यांच्या आयुष्याचे सार थोडक्यात सांगता येते. भाषण माणसाला विचार देते आणि गाणे भावना देते. पण शब्द आणि सूर एकत्र आले की विचार नुसता कळत नाही, तो अंगात भिनतो. म्हणूनच भुकेचे गाणे सत्तेला टोचले आणि प्रेमगीताचीसुद्धा भीती वाटली. आपल्या शाहिरांनी गावोगाव रात्र जागवून जे केले तेही हेच. त्यांच्या वह्या कित्येक घरांत आजही पेटीत पडून आहेत, वाळवी खाते आहे.

तेव्हा एवढेच करा. घरात, लग्नात, जयंतीच्या मिरवणुकीत एखादे गाणे लागले की मुलांना विचारा, हे लिहिले कुणी? उत्तर येत नसेल तर शोधून सांगा. म्हाताऱ्या कवीची वही असेल तर तिची नक्कल करून ठेवा, खाली त्याचे नाव, गाव आणि साल लिहा.